वारा परत येतो, हे सांगणारा शब्द

चि. बयोस,


परवा संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी वाडीला पाणी सोडून नुकतीच ओटीवर टेकले होते. तू बातम्यांच्या गडबडीत होतीस. विचारलंस, "आत्या, सायक्लोन, हरिकेन, टायफून सगळं एकच ना? मी सरसकट 'तुफान' लिहिलं तर चालेल? खालच्या पट्टीवर शब्द छोटा लागतो." मी "नको" म्हटलं, आणि का नको ते सांगायच्या आत तुला कुणीतरी हाक मारली. तो "का" माझ्या मनात तसाच राहिला. तो फोनवर सांगण्यासारखा नाहीच, म्हणून हे पत्र.

तू तेव्हा पुण्याला शिकत होतीस. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं, तो दिवस मी तुला कधी नीट सांगितलेला नाही. पडलेल्या झाडांचा आकडा सांगितला, उडालेली कौलं सांगितली. पण एक गोष्ट मागे ठेवली होती. ती आज सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

सकाळपासून वारा डोंगराकडून येत होता, म्हणजे पूर्वेकडून. हे मला विचित्र वाटलं होतं. वादळ समुद्रातून येणार, मग वारा डोंगराकडून कसा? दुपारपर्यंत त्याचा जोर इतका वाढला की माजघरात बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू येईना. सुपाऱ्या कमरेत वाकत होत्या, आणि नारळ पडल्याचा धप्प आवाज कानाला नव्हे, पायाखालच्या जमिनीला कळत होता. आणि मग सगळं थांबलं. पाऊस थांबला, वारा पडला, आभाळ उजळलं. मी देवाला हात जोडले, कोयंडा काढला आणि विहिरीपाशी काय उरलंय ते बघायला वाडीत उतरले.

तेवढ्यात पलीकडच्या गडग्यावरून हाक आली. आपल्या शेजारचे म्हातारे तांडेल, ज्यांनी चाळीस वर्षं मचवा चालवला, ते ओरडत होते, "आत व्हा! वारा अजून फिरायचा आहे!" त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी काही न विचारता मागे वळले. दाराला अडसर लावून थोडा वेळ झाला असेल नसेल, वारा समुद्राकडून आला. सकाळच्या बरोब्बर उलट. ज्या विहिरीपाशी मी उभी होते तिथे जुना आंबा आडवा झाला. मला हाक मारणारं कुणीतरी होतं. खालच्या आळीत एक जण तशाच शांततेत कौलं गोळा करायला बाहेर पडला होता, त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. त्याचा हात पत्र्यानं कापला गेला, आणि पुढे कितीतरी महिने त्याला कुदळ धरता आली नाही.

बयो, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'चक्रीवादळाचा डोळा', म्हणजे वादळाच्या मधली शांत जागा, मी किती मुलांकडून लिहवून घेतला असेल, फळ्यावर किती वर्तुळं काढली असतील! पण त्या दुपारी तो शब्द माझ्या डोक्यात असूनही मला उपयोगी पडला नाही, कारण मी तो फक्त शिकवला होता, त्याचं म्हणणं ऐकलं नव्हतं. 'चक्री' म्हणजे फिरणारं. जे फिरतं ते परत येतं. इतकं साधं सांगणं त्या शब्दात भरलेलं आहे. तांडेलांनी भूगोल वाचला नव्हता, पण शब्दाचा अर्थ त्यांच्या अंगात होता.

दोन दिवसांनी वाडीत चालायला वाट झाली तेव्हा मी पडलेली झाडं नीट बघितली. काही सुपाऱ्यांचे शेंडे समुद्राकडे होते, काहींचे डोंगराकडे. एका जागी तर एकावर एक, फुलीसारखी. जी समुद्राकडे आडवी झाली ती सकाळच्या वाऱ्याची, जी डोंगराकडे झाली ती दुपारच्या. त्या फुलीकडे बघताना मला एका दूरच्या माणसाची आठवण झाली.

सप्टेंबर १८२१ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून एक मोठं वादळ गेलं. त्यानंतर विल्यम रेडफील्ड नावाचा गृहस्थ कनेटिकट राज्यातून मॅसॅच्युसेट्सकडे पायी चालला होता. पेशानं तो खोगीर बनवणारा. वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या गावाजवळची झाडं वायव्येकडे पडली आहेत आणि दूर आत गेल्यावर तिथली आग्नेयेकडे, म्हणजे उलट. वादळ एकच, मग वारे दोन कसे? त्यानं अंदाज बांधला की वादळ हा सरळ धावणारा वारा नाही, तो मोठ्या भोवऱ्यासारखा फिरत पुढे सरकतो. दहा वर्षांनी, १८३१ मध्ये, त्यानं ते छापून मांडलं. पुढे विल्यम रीड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक ज्याच्या मनात खोल रुजलं तो माणूस राहत होता कलकत्त्याला. तुझ्या 'सायक्लोन' शब्दाचा जनक तोच.

त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन. जन्म १७९७ चा. तरुणपणी जहाजांवर कप्तान होता, मग कलकत्त्यात स्थिरावला. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचं काम त्याच्याकडे होतं. वादळातून वाचून आलेली जहाजं हुगळीत शिरली की त्यांच्या रोजनिशा तो वाचायचा. किती वाजता, कोणत्या जागी, वारा कुठून, वायुभारमापकाचा पारा किती उतरला. एकाच वादळात सापडलेल्या निरनिराळ्या जहाजांच्या नोंदी तो एका नकाशावर मांडायचा, आणि वाऱ्याचे बाण जोडले की नकाशावर वेटोळं उमटायचं. १८३९ पासून तो एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एकेका वादळावर निबंध लिहीत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोरिंगा बंदर समुद्राच्या लाटेनं धुऊन नेलं. कोरिंगा म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे पूर्व समुद्राला मिळते, त्या भागातलं बंदर.

पिडिंग्टनची अडचण ऐक, कारण ती आज तुझी अडचण आहे. खलाशांपाशी वादळासाठी शब्द भरपूर होते, पण ते बहुतेक वारा किती जोराचा ते सांगत. वारा सरळ आहे की फिरणारा, हे त्यांतून नेमकं कळत नसे. आणि जहाज वाचवायचं तर जोरापेक्षा ते कळणं जास्त महत्त्वाचं. सरळ वाऱ्यात जे करायचं तेच फिरत्या वाऱ्यात केलं, तर जहाज थेट केंद्रात जाऊ शकतं. म्हणून त्यानं फक्त फिरण्याबद्दल बोलणारा नवा शब्द घडवला. ग्रीक भाषेत वर्तुळाला 'किक्लोस' म्हणतात, आणि तिथल्याच एका शब्दाचा अर्थ सापाचं वेटोळं असाही होतो. त्यावरून 'सायक्लोन'. १८४८ साली त्याचं खलाशांसाठीचं पुस्तक निघालं, त्यात हा शब्द त्यानं मांडला आणि तो का निवडला हेही सांगितलं. वारा अगदी रेखीव वर्तुळात फिरतो असा दावा त्याला करायचा नव्हता. फिरण्याचा कल तेवढा सांगायचा होता. जितकं ठाऊक आहे तितकंच सांगणारा शब्द! बयो, बातमी लिहिणाऱ्यानं याहून वेगळं काय करायचं असतं?

त्या पुस्तकाचं नाव आपल्याकडे सांगायचं तर 'खलाशांची अंकलिपी' असं होईल. विलायतेत पूर्वी मुळाक्षरांचा कागद शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याखाली बसवून मुलांच्या हातात देत, त्यावरून ते नाव. पिडिंग्टननं पुस्तकासोबत खरोखरच पारदर्शक चकत्या दिल्या. त्यांच्यावर फिरत्या वाऱ्याचे बाण होते. एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण गोलार्धासाठी. कप्तानानं चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा आणि चकतीवरचा बाण जुळवायचा, की वादळाचं केंद्र कुठे आहे ते कळतं. मग त्याच्यापासून दूर वळायचं. त्या शब्दाचा पहिला वापर असा होता. सुकाणू कुठे फिरवायचं ते सांगण्यासाठी तो जन्मला.

१८४५ साली मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नावाचं जहाज वादळात सापडलं आणि वारा नेईल तिकडे धावत राहिलं. पाच दिवसांत त्यानं केंद्राभोवती पाच फेरे घातले. दक्षिण गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, म्हणजे आपण देवळात घालतो तशीच प्रदक्षिणा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे वारा वळतो. आपल्या बाजूला, उत्तरेत, तो उलटा वळतो. त्या जहाजाची रोजनिशी हा पिडिंग्टनच्या हातातला मोठा पुरावा ठरला.

आता मला त्या सकाळच्या पूर्व वाऱ्याचं कोडं उलगडतं. नियम लहान मुलालाही पाठ होईल असा आहे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. त्या सकाळी मी डोंगराकडे तोंड करून उभी राहिले असते, तर उजवा हात दक्षिणेकडे गेला असता. आणि वादळ दक्षिणेकडूनच वर चढत होतं. दुपारी वारा पश्चिमेचा झाला, तेव्हा उजवा हात उत्तरेकडे, म्हणजे वादळ पुढे गेलं होतं. ओटीवर उभ्या असलेल्या बाईला यंत्रावाचून कळण्यासारखं हे ज्ञान आहे, आणि 'तुफान' या शब्दात ते नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं. सायक्लोन, हरिकेन, टायफून ही एकाच जातीच्या वादळाची, पण निरनिराळ्या समुद्रांतली नावं. अटलांटिकात आणि प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या बाजूला ताशी सुमारे ११९ किलोमीटरपासून पुढे हरिकेन. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा, स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेला. प्रशांताच्या चीन-जपानकडच्या बाजूला टायफून. त्यात चिनी भाषेतला 'मोठा वारा', ग्रीकांचा टायफॉन नावाचा राक्षस आणि अरबी-फारसी 'तूफान' असे तीन ओघ एकत्र आले. आपलं तुफानही त्यातल्याच एका ओघाचं, आणि अरबीत त्याचा मुख्य अर्थ महापूर, प्रलय. तेव्हा तुफान शब्द वाईट नाही. त्यात पाण्याचा आणि भीतीचा अर्थ आहे, फिरण्याचा नाही, इतकंच. हिंदी महासागरात, म्हणजे आपल्या अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात, सायक्लोन.

अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात पूर्वी सोंडेसारख्या खाली उतरणाऱ्या टोर्नेडोलाही लोक सायक्लोन म्हणत. १९०० साली आलेल्या 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' या मुलांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच त्या नावाचं आहे, आणि त्यात घर उचलून नेणारा वारा खरं तर टोर्नेडो आहे. शास्त्रज्ञांनी शब्द दुसऱ्या बाजूनं रुंदावला. कमी दाबाभोवती फिरणारी कोणतीही मोठी वायुरचना म्हणजे सायक्लोन, मग ती विलायतेवर रिमझिम पाऊस पाडणारी का असेना. म्हणून आपल्याकडच्या वादळाला ते 'उष्णकटिबंधीय' असं विशेषण लावतात. फ्रान्सिस गाल्टननं १८६३ मध्ये उलट फिरणाऱ्या जास्त दाबाच्या रचनेला अँटिसायक्लोन म्हटलं. आणि भाताच्या गिरणीत हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारा निमुळता पत्र्याचा पिंप असतो ना, यंत्रवाले त्यालाही सायक्लोनच म्हणतात. शब्द इतका फिरला, पण कुठेही गेला तरी त्यानं फिरण्याचा अर्थ सोडला नाही.

दुसरं उत्तर मराठीचं. 'चक्रीवादळ' हे सायक्लोनचं नुसतं भाषांतर नाही. संस्कृतातलं चक्र आणि ग्रीकातलं किक्लोस एकाच मूळ शब्दापासून निघालेली सख्खी भावंडं आहेत. पिडिंग्टननं ग्रीककडे हात केला आणि मराठीनं संस्कृतकडे, पण दोघांच्या हाती एकच चाक आलं. आपल्याकडे याशिवाय वावटळ आहे, ती वैशाखात शेतातली धूळ आणि पाचोळा गरगरवते आणि घटकाभरात विरते. झंझावात आहे, वळवाचा सोसाटा आहे. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य उभं राहतं, पण त्यावर विसंबणारा माणूस पडतो.

हवामान खात्याच्या पायऱ्याही जवळ ठेव. वारे ताशी ६२ किलोमीटरवर गेल्याशिवाय ते चक्रीवादळ म्हणत नाहीत, त्याआधी ते कमी दाबाचं क्षेत्र किंवा अवदाब असतं. ८९ पासून तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, त्याच्यावर आणखी एक पायरी, आणि २२१ च्या पुढे सुपर सायक्लोन. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलं ते यातलं शेवटचं. निसर्ग किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे होते. 'तीव्र' या कोरड्या विशेषणात आपली अख्खी वाडी मावली, हे विसरू नकोस. 'महाभयंकर' लिहायची गरजच नाही.

आणि नावं. आपल्या समुद्रांतल्या वादळांना २००४ पासून नावं देतात. पहिलं होतं ओनिल. २०२० मध्ये १३ देशांनी प्रत्येकी १३ अशी १६९ नावांची नवी यादी केली, आणि तिच्यातलं पहिलंच नाव, बांगलादेशानं दिलेलं, आपल्या वाट्याला आलं. भारतानं दिलेल्या नावांत तेज आहे, व्योम आहे, प्रभंजन आहे. नाव एका वादळाचं असतं, जात मात्र शब्द सांगतो. त्यामुळे नुसतं "निसर्ग येतंय" लिहून भागत नाही, शेजारी चक्रीवादळ हवंच.

पिडिंग्टनची एक शेवटची गोष्ट, पत्राचीच. कलकत्त्याच्या दक्षिणेला मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरलं. १८५३ मध्ये त्यानं गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केलं. इथे वादळासोबत समुद्राची लाट आत शिरेल आणि सगळं धुऊन नेईल, असं त्यात निक्षून सांगितलं. बंदर तरीही बांधलं गेलं. लॉर्ड कॅनिंगचं नाव त्याला मिळालं. पिडिंग्टन १८५८ मध्ये गेला. १८६७ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळ आलं, लाट आली, आणि ते बंदर पुन्हा सावरलं नाही. त्याचे शब्द नेमके होते. पण ज्या माणसाच्या पायाशी पाणी येणार होतं त्याच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

तुझ्याकडे ती सोय आहे, बयो. तुझी पट्टी खालच्या आळीतल्या घरातही दिसते. तू "तांडव", "थैमान", "कहर" लिहिलंस तर माणूस घाबरेल, पण घाबरलेल्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. तो दार लावतो, आणि वारा थांबला की सुटलो म्हणून दार उघडतो. आपल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कोळी होडी बाहेर काढत नाहीत. बावटा कुणाला घाबरवत नाही, काय करायचं ते सांगतो. तुझा शब्द तसा असू दे. केंद्र कुठे आहे, किती दूर आहे, कोणत्या दिशेला सरकतंय, वारा आधी कुठून येईल आणि मग कुठून, हे लिही. केंद्र किनारा ओलांडेपर्यंत "धडकलं" लिहू नकोस. आणि पट्टीवर एकाच वाक्याला जागा असेल तर हे ठेव: "मध्येच वारा थांबला तरी बाहेर पडू नका, तो उलट दिशेनं परत येईल." शब्द छोटा नाही, मला ठाऊक आहे. पण खालच्या आळीतल्या त्या माणसाला हेच वाक्य हवं होतं.

तांडेल मागच्या वर्षी गेले. आता गडग्यावरून हाक मारणारं कुणी नाही.

वाडीत नव्यानं लावलेली रोठा सुपारी माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. अजून फळ धरायची आहे. छपराची समुद्राकडची बाजू मी तेव्हा नव्या कौलांनी शाकारली, डोंगराकडची जुनीच राहिली. दोन्हींचा रंग अजून एक झालेला नाही. पावसाळ्याआधी दोन दिवस सवड काढून ये, अंगणात उभी राहून तुला दाखवते. कुठला वारा आधी आला आणि कुठला नंतर, ते आपल्या घरावर लिहिलेलं आहे.

तुझी,
आत्या